बेर्नाबेनं दिलेला वन्स मोर

माझा जावई गाणी करतो. हे ऐकलं की लोकांची तोंडं उजळतात. माझं उजळत नाही, कारण तो राहतो माझ्याच घरात.

रोमाल्द त्याचं नाव. नदीपलीकडचा. माझ्या इनासिनशी लग्न झालं तेव्हा एक गिटार, दोन पँटी आणि तो आवाज घेऊन आला. आवाज असा, की पहिल्याच रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यानं वरचा सूर लावला आणि घरातल्या आल्तारावरच्या, म्हणजे देव्हाऱ्यातल्या, तसबिरीची काच उभी तडकली. शेजारची कुंसेसांव म्हणते काच आधीच तडकलेली होती. तिचं काय ऐकायचं, तिला आपला कोंबडा आरवलेला कळत नाही.

नाटकवाले त्याला न्यायला दोनदा येऊन गेले. म्हणाले, "प्रेमाचं गा, आईचं गा, बोटीवर गेलेल्या नवऱ्याचं गा. दर रविवारी खेळ आहे." हा म्हणाला, मी कुणाच्या मंडळीत नाही, मी गावचं गाणार. आता गावचं म्हणजे काय, तर गटाराचं. कचऱ्याच्या गाडीचं. आमच्या थांब्यावर न थांबणाऱ्या बसचं. बसचं गाणं केलं तर ड्रायव्हरनं ते ऐकलं, आणि तेव्हापासून बस आमच्या थांब्यावर थांबते, फक्त रोमाल्द उभा असला की थांबत नाही. खांबावरच्या बंद दिव्याचं केलं, तर वीजवाले खरंच आले. दिवा उतरवला, दुरुस्तीला म्हणून नेला. आता खांब आहे, दिवा नाही. पूर्वी निदान दिवा होता.

"गाण्यानं परिणाम झाला की नाही, मांय?" मला विचारतो.

"झाला ना पुता. अंधार पूर्ण झाला."

तर हा असा माणूस. आणि त्यात यंदा खाडी आमच्या शेतात शिरली.

आमचं शेत खाजणात, अगदी बांधाच्या पायाशी. बांधाच्या पलीकडं खाडी, अलीकडं भात. बांधात मोठं लाकडी दार आहे. सागवानी, वरून बिजागऱ्यांवर लोंबणारं. भरती आली की पाणीच त्याला ढकलून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला उघडून बाहेर जातं. माझ्या सासऱ्याच्या सासऱ्यानं पाहिलेलं दार. माणसानं त्याला हात लावायची गरज नाही. पण दाराच्या तोंडाशी मासे सापडतात, म्हणून त्याचा दरसाल लिलाव होतो, आणि यंदाचा घेतला बेर्नाबे फुर्तादनं.

बेर्नाबे वाईट माणूस असता तर सोपं होतं. तो बोटीवर स्वैपाकी होता, तिथून पोट घेऊन आला. हसला की आधी पोट हसतं, मग तोंड. कुणाच्या घरी मयत झालं की पहिली पेटी सोड्याची त्याची. गावात सगळ्यांना आवडतो. मलाही आवडायचा. पण त्यानं काय केलं, भरतीच्या वेळी दाराला आतून वासा लावून ते उघडं ठेवायला लागला. उघड्या दारातून पाणी आत, पाण्याबरोबर कोळंबी आत. ओहोटीला तोंडाशी जाळं लावलं की भरून निघतं. वरच्या अंगाच्या शेतांना त्याचं काही नाही. तिथं खारं पाणी पोचत नाही, आणि अर्ध्या शेतांचे धनी कुवेतात आणि लंडनात. गवत वाढलंय. खालचं शेत एकट्या आमचं.

त्यात यंदा कणसांच्या फेस्ताची पाळी आमची होती. आमच्याकडं ऑगस्टात पाद्री मिरवणूक घेऊन शेतात येतो, पहिली कणसं कापतो, आशीर्वाद देतो, आणि घरोघर एक-एक कणीस जातं. ती कापायची कुणाच्या शेतातून, त्याची पाळी असते. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या साली आमची पाळी झालेली. म्हणजे मी एवढं आयुष्य काढलं आणि माझ्या हातची कणसं आल्तारावर गेलेली नाहीत. पुढची पाळी यायला मी काही थांबत नाही. म्हणून मी यंदा बियाणं स्वतः निवडलं, तीन पाण्यांत भिजवलं, मोड आणले, आणि गुडघे दुखत असताना वाफ्यात उभं राहून पेरलं. इनासिन म्हणाली, "मांय, मी पेरते." म्हटलं, "तू पेर पलीकडं. हा तुकडा माझा."

जुलै लागला आणि बांधाकडच्या रांगेची टोकं पिवळी पडली. मी पान तोडून जिभेला लावलं. खारट. वाफ्यातलं पाणी बोटानं चाखलं. त्याहून खारट. त्या आठवड्यात माझ्या कोंबड्या त्या बाजूला चरत होत्या, तर अंडी मीठ न घालता खाता यायची. कुंसेसांवला एक दिलं. खाल्लं तिनं, म्हणाली साधंच आहे. जिभेवरही कापूस आहे तिच्या.

मी आणि इनासिन बांधावरून चालत दारापाशी गेलो. पाऊस बारीक, बांध निसरडा, खेकड्यांनी भोकं पाडलेली. दाराशेजारी बेर्नाबेची पत्र्याची खोप. तो खुर्चीवर, दोन गडी खाली बसून कोळंबी निवडत होते. आम्हाला त्यानं बसा म्हटलं नाही. बसायला काही नव्हतंच, खरं सांगायचं तर.

"भरती आहे, बेर्नाबे," मी म्हटलं. "दार उघडं कसं?"

"हवा येते, मांय."

"हवा नाही, खाडी येते."

"येते आणि जाते. पाहुण्यासारखी आहे ती. ओहोटीला निघून जाईल."

"जाते. मीठ ठेवून जाते."

"मग बरंच की. पेजेत वेगळं घालायला नको." त्याचं पोट हसलं, मग तो हसला, मग दोन्ही गडी हसले. इनासिनचे कान लाल झाले. मालकाला म्हणावं तसं ती म्हणाली, "आमचं भात जळतंय, पात्रांव."

"पाऊस पडतोय बघ केवढा. धुऊन जाईल. काळजी करू नको, बाय." आणि त्यानं टोपलीतून दोन मोठे शेवटे मासे काढले, केळीच्या पानात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. "कढी कर. जावयाला घाल. आवाजाला चांगले."

मी घेतले. काय करणार, हातात दिले. वाटेत इनासिन माझ्यापुढं झपझप चालत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "फेकून दे." मी म्हटलं, "माशानं काय केलंय?" कढी चांगली झाली, हीच तर चीड. तिनं पेज आणि आंब्याची फोड खाल्ली. रोमाल्दनं दोन्ही शेवटे खाल्ले आणि काटे चोखत म्हणाला, "मांय, यावर गाणं झालं पाहिजे."

"गाणं नंतर. आधी मेर घालू."

शेताच्या खारट बाजूनं आतून एक बुटकी मेर घालायची, चिखलाच्या ढेपांची, म्हणजे निदान उरलेलं वाचेल, असा माझा हिशेब. इनासिननं लाकडी खोऱ्यानं ढेपा कापायच्या, रोमाल्दनं डोक्यावरून वाहायच्या, मी बसवायच्या आणि पायानं दाबायच्या. तीन माणसांचं काम, त्यातली दोनच माणसं. रोमाल्द ढेप डोक्यावर घेऊन निघायचा आणि वाटेत उभा राहायचा.

"काय झालं?"

"'भिजला'ला जोडी शोधतोय."

"ढेप घेऊन शोध, पण चालत शोध."

"चालताना ताल बदलतो, मांय."

तेवढ्यात ढेप त्याच्या मानेवरून घसरली आणि सदऱ्यात गेली. पाठीवर चिखल घेऊन उभा, ओठ हलतायत. इनासिननं खोरं रोवलं आणि नवऱ्याकडं बघत राहिली. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. पावसानं तिच्या कपाळावरचा चिखल डोळ्यात उतरत होता, तो तिनं कोपरानं पुसला आणि परत कापायला लागली. दोन्ही पायांना खाज सुटून चट्टे आले होते आमच्या. रात्री खोबरेल लावायचं, सकाळी परत त्याच पाण्यात.

मेर जेमतेम तिसरा हिस्सा झाली. मग पौर्णिमेची भरती आली आणि तिच्यावरून पाणी गेलं. सकाळी गेले तर मेरेच्या जागी एक गुळगुळीत उंचवटा, आणि त्यावर एक खेकडा बसलेला. असा मोठा, की माझी चप्पल चिमट्यात धरून ओढत न्यायला लागला. मी दुसऱ्या चपलेनं हाणला तर ती पण नेली. अनवाणी घरी आले.

"गाणं झालं," रोमाल्द म्हणाला.

गायला कुठं, तर सांतानच्या कपेलीच्या, आमच्या छोट्या चर्चच्या, फेस्ताला. जुलैची अखेर, ताडपत्रीखाली रंगमंच, खुर्च्या अर्ध्या पावसात. सगळं गाव. पुढच्या रांगेत बेर्नाबे, कोट घालून, गळ्यात मानाचा हार, बायको सालुदला घेऊन.  म्हटलं आज मारामारी होणार. झाली तर बरंच, असंही वाटलं.

रोमाल्द मंचावर चढला की वेगळाच दिसतो, हे मान्य करते. मान ताठ. गिटारची एक तार आणि मग तो आवाज:

खाडीच्या दाराचा राखणदार निजला,
भरतीनं येऊन तांदूळ भिजला,
पोटात त्याच्या कोळंबी नाचते,
ताटात आमच्या रेती वाजते.

लोक शिट्ट्या मारायला लागले. खुर्च्या आपटायला लागले. आणि सगळ्यात मोठ्यांदा कोण? बेर्नाबे. उभा राहिला आणि ओरडला, "वन्स मोर." रोमाल्द परत गायला. बेर्नाबे परत, "वन्स मोर." तीनदा. आमच्याकडं रीत आहे, गाणाऱ्यानं वन्स मोरसाठी एक कडवं राखून ठेवायचं. रोमाल्दनं राखलं होतं, त्यात तर वासासुद्धा होता, दाराला लावलेला. त्यावर बेर्नाबेच्या डोळ्यांतून हसून-हसून पाणी आलं. मंचावर चढला, स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि रोमाल्दच्या गळ्यात घातला. माईकमध्ये म्हणाला, "अशी गाणी पाहिजेत. त्या चोराच्या बरोबर थोबाडीत बसली."

खाली उतरून माझ्याजवळ आला. वाकून म्हणाला, "मांय, नदीपलीकडच्या मार्तीनची काय जिरवली तुझ्या जावयानं."

मार्तीन पलीकडच्या बांधाचं दार राखतो. बेर्नाबेचं त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडण. बिचारा मार्तीन दार वेळेवर बंद असलेलं बघून मगच झोपतो.

 आमच्याकडं गाण्यात नाव घ्यायचं नाही, ही दुसरी रीत. नाव घेतलं तर ते भांडण, नाही घेतलं तर गाणं. ऐकणाऱ्यानं आपापलं समजून घ्यायचं. गावात सगळ्यांनी समजून घेतलं होतं. सगळे बेर्नाबेकडं बघूनच हसत होते. त्याला वाटत होतं, आपल्याबरोबर हसतायत.

दुसऱ्या दिवशी मार्तीनचा निरोप आला, की रोमाल्द होडीनं पलीकडं आला तर त्याला बुडवीन.

"ज्याच्यावर केलंस त्यानं हार घातला, आणि ज्याच्यावर नाही केलंस तो तुला बुडवायला निघालाय," मी म्हटलं. "आता काय?"

रोमाल्द फोनमध्ये बघत होता. गाणं त्यानं टाकलं होतं तिकडं. "मांय, कुवेतात लोकांनी किती बघितलं माहितेय? एकानं लिहिलंय, ऐकून रडलो."

"त्याला म्हणावं, इकडं येऊन रड, शेताला पाणी होईल." मग आठवलं. "नको. ते पण खारंच."

"गाणं हळूहळू आत जातं, मांय. बेर्नाबेच्या पण जाईल."

"ते आत जाईपर्यंत खाडी आत जातेय त्याचं काय? नाव घे त्याचं."

"नाव घेतलं की ते गाणं राहत नाही."

"आणि नाही घेतलं तर शेत राहत नाही."

तो परत फोनमध्ये बघायला लागला. इनासिन भांडी घासत होती. राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "तुम्ही दोघं बोला. मी जाते." आणि गेली बांधावर. भर दुपारी, भरतीच्या वेळी. मी मागं मागं, गुडघे धरत. मी पोचेपर्यंत ती पाण्यात उतरून कमरेएवढ्या धारेत तो वासा हलवत होती. निघाला. दार धाडकन मिटलं. ती वासा घेऊन वर आली, झगा अंगाला चिकटलेला.

बेर्नाबे खोपीतून बाहेर आला. मागं आत गाणं वाजत होतं. कुठलं गाणं, तर तेच. रोमाल्दचंच. गडी त्या तालावर कोळंबी निवडत होते.

"अरे वा, इनासिन," तो म्हणाला. "वासा सुटला होता होय? बरं झालं तुला सापडला, नाहीतर वाहून गेला असता." आणि तिच्या हातातून त्यानं तो काढून घेतला. हिसकावला नाही. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा घेतला. "भिजलीस बघ. सर्दी होईल. एक घोट फेणी देऊ का मांयकडं?"

गड्यानं जाऊन वासा परत लावला. इनासिन तशीच उभी. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती त्या खोपीकडं बघत होती, आतून तिच्या नवऱ्याचा आवाज येत होता, 'पोटात त्याच्या कोळंबी नाचते.' एक गडी ठेका धरून मान हलवत होता.

ऑगस्टात कणसं बाहेर आली. भरलेलं कणीस दाण्याच्या वजनानं खाली मान घालतं. आमची पांढरी पडली आणि ताठ उभी राहिली. मी एक चिमटलं, फोलपट. दुसरं, फोलपट. अख्ख्या रांगेत फिरले. माझ्या हातानं पेरलेला तुकडा होता तिथं तर वाऱ्यावर नुसता कागदाचा आवाज येत होता. मी मेरेवर बसले. रोमाल्द येऊन शेजारी बसला. गिटार आणली नव्हती, एवढं नशीब.

"पाद्री काय कापणार, मांय?"

"तुझं डोकं."

फेस्ताचा खर्च यंदा बेर्नाबेचा. बँड त्याचा, फटाके त्याचे, म्हणजे मान त्याचाच. तो शेत बघायला आला फेस्ताच्या आदल्या दिवशी. बूट हातात घेऊन, पँट वर दुमडून. बघितलं आणि चुकचुकला, खरोखरीच वाईट वाटून.

"हे चालणार नाही, मांय. गावाची अब्रू आहे. असं करू, माझ्या चुलतभावाचं वरचं शेत भरलंय. तिथली भारा-दोन भारा मुळासकट उपटून आणतो, तुझ्या शेतात मधोमध खोचतो. पाद्री नवा आहे, डोंगराकडचा. त्याला काय कळतंय. कापेल, घेऊन जाईल. नाव तुझ्या शेताचंच."

"दुसऱ्याची कणसं माझ्या शेतात?" मी म्हटलं.

"तुझ्यासाठीच करतोय. तुझी पाळी वाया जायला नको."

इनासिन म्हणाली, "नको." रोमाल्द म्हणाला, "मांय, हे तू होऊ देणार?" मी त्याच्याकडं बघितलं. "तू गाणं कर की," म्हटलं. आणि बेर्नाबेला म्हटलं, "बरं, पात्रांव. आणा."

त्याचे गडी संध्याकाळी आले आणि सोन्यासारखी कणसं आमच्या जळक्या शेतात खोचून गेले. झुलत होती मान घालून. लग्नात उसना कोट घातलेल्या नवऱ्यासारखा दिसत होता तो तुकडा.

आता पुढं काय झालं ते जसं झालं तसं सांगते. फेस्ताच्या सकाळी, गाव आंघोळीच्या गडबडीत असताना, खाजणात एक पाणकोंबडी आली. म्हशीएवढी. जांभळी, लाल पायांची. ती त्या खोचलेल्या कणसांत शिरली आणि एकेक धाट मुळासकट उपटून तिनं सगळी फस्त केली. मी हाकलायला गेले, म्हणूनच माझा झगा गुडघ्यापर्यंत चिखलात भरला. इनासिननं झग्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, दुसरा इस्त्री करून दिला. शेजारच्या डुकरांना त्या दिवशी भूक नव्हती असं कुंसेसांव सांगत फिरते. मी सांगितलंच तुम्हाला ती कशी आहे.

मिरवणूक आली. पुढं क्रूस, मागं बँड, मग पाद्री पांढऱ्या झग्यात, हातात चांदीच्या मुठीचा विळा. बेर्नाबे कोटात. मेरेवर येऊन बघतो तर मधोमध नुसती जळकी, ताठ कणसं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी रोझरीचे मणी ओढत होते.

पाद्री कोवळा पोरगा. बूट काढून चिखलात उतरला, प्रार्थना म्हटली, मूठभर कणसं धरली आणि कापली. त्याला हातात घेताना काहीतरी हलकं लागलं असावं. मला हळूच विचारलं, "मांय, इकडचं भात असंच असतं का?"

"यंदा असं आहे, पाद्री."

त्यानं क्षणभर बघितलं, मग आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. काय करणार, गाव उभं होतं. आमच्या गावात रीत अशी, की ज्याचा खर्च त्यानं पहिल्या कणसातला दाणा सोलून सगळ्यांसमोर चावायचा आणि म्हणायचं, "गोड आहे." मग बँड वाजतो. पाद्रीनं कणीस बेर्नाबेच्या हातात दिलं.

बेर्नाबेनं एक दाणा सोलला. काही नाही. दुसरा सोलला. तिसरा. त्याच्या जाड बोटांतून फोलपटं चिखलात पडत होती. कपाळावर घाम आला. शेवटी त्यानं एक न सोलताच तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाला, "गोड आहे."

बँडवाल्यांनी भोंगे तोंडाला लावले.

"बेर्नाबे, त्यात दाणा नव्हता."

कोण बोललं ते मलाच आधी कळलं नाही. रोमाल्द होता. त्याचा गाण्याचा आवाज साऱ्या गावाला माहीत, हा आवाज कुणाला माहीत नव्हता. बारीक, घोगरा. गिटार पाठीला, हात रिकामे. ओठ पांढरे.

"भरतीला तू दाराला वासा लावतोस," तो म्हणाला. "खारं पाणी आमच्या शेतात येतं. भात जळलं. तुलाच म्हणतोय. बेर्नाबे फुर्ताद."

जोडी नाही, ताल नाही. लोकांनी पाद्रीच्या हातातली कणसं घेतली आणि चिमटून बघायला लागले. फोलपट. फोलपट. नुसता तो चुरचुर आवाज.

बेर्नाबे तोंडातलं गिळू की थुंकू अशा बेतात उभा. मग म्हणाला, "म्हणजे ते गाणं..."

"तुझ्यावर होतं."

"मार्तीनवर नाही?"

"मार्तीनचं दार भरतीला बंद असतं."

बेर्नाबेनं विचार केला. बोटं मोजली. "मी तीनदा वन्स मोर दिला," तो म्हणाला.

"दिलास."

"मग तेव्हा सांगायचं नाही का रे? मी हार घातला तुला. माणूस हार घालतोय तरी तू गप्प."

पहिला हसला तो बँडमधला भोंगेवाला, भोंग्यातूनच. मग सगळं खाजण. हे हसणं आपल्याबरोबरचं नाही, आपल्यावरचं आहे, ते बेर्नाबेला तेव्हा कळलं. मान, कान, टक्कल, सगळं तांबडं झालं. त्याची बायको सालुद तेवढी हसली नाही. हातातलं फोलपट बघत होती.

पाद्री वैतागला होता. पाय चिखलात, झगा भिजलेला, आणि त्याला कुणी काही नीट सांगत नव्हतं. "ते दार कुठं आहे?" त्यानं विचारलं.

आणि मग इगर्जीकडं, मोठ्या चर्चकडं, जायची मिरवणूक बांधावरून दाराकडं निघाली. पुढं क्रूस, मागं पाद्री, आणि बँड वाजतच होता, कारण त्यांना थांबा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. भरती चढत होती. दारातून पाणी आत ओतत होतं, सगळ्यांनी बघितलं. "काढा," पाद्री म्हणाला. बेर्नाबे गड्यांकडं बघायला लागला. सालुद म्हणाली, "त्यांना कशाला? तूच उतर."

उतरला. कोटासकट. वासा धारेनं गच्च बसलेला, एकट्याला हलेना. पोटानं रेटतोय, पाय सरकतायत. दोनदा बुडून वर आला. तेव्हा रोमाल्दनं पाठीवरची गिटार काढून इनासिनकडं दिली आणि पाण्यात उडी टाकली. दोघांनी मिळून ओढला. दार असं आदळलं की पणजीला लोकांनी तोफ समजून खिडक्या लावून घेतल्या.

आमचं भात त्यानं परत आलं नाही. पेंढासुद्धा गाईनं हुंगून सोडला. यंदा उकडा तांदूळ दुकानातून आणतोय, आणि बांधाच्या कडेची जमीन गोडी व्हायला दोन पावसाळे लागतील. दार भरतीला बंद असतं. इनासिन रोज जाऊन बघून येते, आणि जाताना बेर्नाबेच्या खोपीसमोरून मुद्दाम हळू चालते. त्यानं परत मासे देऊ केले. तिनं घेतले नाहीत. मी घेतले असते, पण मला विचारलं नाही कुणी.

रोमाल्दला सगळे म्हणाले, याच्यावर गाणं कर, कुवेतवाले वाट बघतायत. तर म्हणतो, जमत नाही, बोलून टाकलं की उरत नाही काही. आता तो पुलावरच्या खड्ड्याचं करतोय. ढेप डोक्यावर घेऊन परत उभा राहतो वाटेत. मी ओरडते.

ती कणसं मात्र घरोघर गेली. पाद्रीनं आशीर्वाद दिला होता, त्यामुळं पुढच्या फेस्तापर्यंत टाकता येत नाहीत. कुणाची हिंमतही नाही. प्रत्येक आल्तारावर, क्रूसाशेजारी, आमच्या शेतातलं एक पांढरं, ताठ कणीस. सालुदनं तर बेर्नाबेच्या खुर्चीसमोरच लावलंय. घरात पाहुणा आला की तो विचारतोच, हे असं रिकामं कशाला ठेवलंय.

"मला नाही माहीत," सालुद म्हणते, आणि खुर्चीकडं बोट करते. "त्याला विचारा."